शोक, स्थळ आणि सादरीकरण: ऑस्ट्रेलियातील ॲबोरिजिनल शोककलेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिडनी आणि मेलबर्न येथे स्थायिक झालेले मराठी वाचक, तसेच मुला-नातवंडांकडे काही महिन्यांसाठी आलेले त्यांचे आई-वडील ॲबोरिजिनल लोकांच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांच्या, शोककलेविषयी सातत्याने प्रश्न पाठवत असतात. त्यांतील पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल, आणि जेथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

सूचना: या मजकुरात दिवंगत ॲबोरिजिनल व्यक्तींची नावे आणि त्यांच्या मृत्यूचे उल्लेख आहेत. अशी सूचना का दिली जाते, हे प्रश्न ९ मध्ये सांगितले आहे.

१. ही कला म्हणजे नेमके काय? नाटक, नृत्य की धार्मिक विधी?

ही कला मुख्यतः परफॉर्मन्स आर्ट या प्रकारात मोडते. या प्रकारात कलावंताचे शरीर, त्याने दिलेला वेळ आणि प्रेक्षकांसमोर प्रत्यक्ष घडणारी कृती हीच कलाकृती असते. तिला संहिता असेलच असे नाही, पात्रे बहुधा नसतात, आणि टाळ्या कधी वाजवायच्या हेही ठरलेले नसते. एस. जे. नॉर्मन या कलावंतांचे ‘बोन लायब्ररी’ हे सादरीकरण उदाहरण म्हणून घेता येईल. गुरांची आणि मेंढ्यांची स्वच्छ केलेली पांढरी हाडे समोर मांडलेली असतात आणि कलावंत तासन् तास बसून त्यांवर आदिवासी भाषांमधील एकेक शब्द कोरत राहतात. गुरे-मेंढ्या या खंडावर वसाहतीबरोबर आल्या, त्यांच्या कुरणांसाठी माणसांना त्यांच्या जमिनींवरून हुसकावण्यात आले, आणि माणसांबरोबर त्यांच्या भाषाही मोडून पडल्या. हा सगळा इतिहास कोरण्याच्या त्या एका संथ कृतीत सामावलेला आहे. नंतर ही हाडे प्रेक्षकांपैकी काहींकडे सांभाळण्यासाठी सोपवली जातात, म्हणजे पाहणाऱ्याच्या पदरीही जबाबदारी येते.

हा विधी मात्र नव्हे. अंत्यविधी त्या त्या कुळाचे असतात, त्यांतील काही भाग बाहेरच्यांना दाखवला जात नाही, आणि कोणत्या गोष्टी लोकांसमोर आणायच्या याचा निर्णय त्या समाजातील ज्येष्ठ मंडळी घेतात. कलावंत या परंपरांतून द्रव्ये, रंग, मौन, अग्नी अशा गोष्टी घेतात आणि त्यांतून नवी कृती उभी करतात. विधी आणि कला यांमधली रेषा पुसट होते अशी एक मोठी कलाकृती आहे, तिच्यासाठी प्रश्न १२ पाहावा.

२. या कलावंतांनी शोक हाच विषय का निवडला? त्यांच्याकडे आनंदाची कला नाही का?

आहे, आणि विपुल आहे. तरीही शोकाकडे इतके कलावंत वळतात, कारण या समाजाला शोक करण्याची संधीच नाकारली गेली होती. हत्याकांडांत मेलेल्यांचे अंत्यसंस्कार झाले नाहीत, कबरी उकरून सांगाडे संग्रहालयांत आणि विद्यापीठांत नेले गेले, मुले आई-वडिलांपासून तोडली गेली, आणि ख्रिस्ती मिशनच्या वस्त्यांमध्ये पारंपरिक विधींना आडकाठी केली गेली. ज्याचे सुतक पाळताच आले नाही असे दुःख पिढ्यान् पिढ्या घरात साचून राहते. ते बाहेर येण्यासाठी जागा करून देणे, हे या कलेचे मुख्य काम आहे असे माझे मत आहे.

हा सगळा भूतकाळही नव्हे. ॲबोरिजिनल व्यक्तींच्या कोठडीतील मृत्यूंची चौकशी करण्यासाठी १९८७ ते १९९१ या काळात नेमलेल्या रॉयल कमिशनने (सरकारी चौकशी आयोगाने) ९९ मृत्यू तपासले आणि ३३९ शिफारशी केल्या. त्यानंतरही असे मृत्यू थांबलेले नाहीत.

३. ॲबोरिजिनल लोकांच्या मूळ शोकपरंपरा कोणत्या आहेत?

सर्वांची मिळून एकच परंपरा नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. वसाहतीपूर्वी या खंडावर अडीचशेहून अधिक भाषा होत्या आणि अंत्यसंस्कारांच्या रीतीही तितक्याच निरनिराळ्या होत्या. काही ठिकाणी दहन, काही ठिकाणी दफन, काही ठिकाणी मृतदेह उंच माचणावर ठेवून कालांतराने अस्थी गोळा करणे, अशा पद्धती होत्या. अंगाला पांढरी माती किंवा गेरू फासणे, केस कापणे, मृताच्या वस्तू जाळणे, ठराविक काळ मौन पाळणे, मृताचे नाव न उच्चारणे आणि घर धुराने शुद्ध करणे या गोष्टी अनेक ठिकाणी आढळतात. टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरील लोक हा वेगळा समाज आहे. तेथे मृत्यूनंतर वर्षाने किंवा त्याहूनही उशिरा थडग्यावरील शिळेचे अनावरण करून शोककाळ संपवला जातो, आणि तो मोठा मेजवानीचा दिवस असतो.

प्राचीनतेविषयी विचारणाऱ्यांनी न्यू साउथ वेल्समधील लेक मुंगो हे स्थळ माहीत करून घ्यावे. तेथे १९६८ साली एका स्त्रीच्या दहन केलेल्या अस्थी सापडल्या, आणि १९७४ साली गेरू शिंपडून पुरलेल्या एका पुरुषाचा सांगाडा. दोघांचाही काळ सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीचा मानला जातो. मृतदेहाला विधिपूर्वक अग्नी दिल्याचा याहून जुना पुरावा जगात क्वचितच कुठे असेल. या अस्थी संशोधनासाठी नेल्या गेल्या होत्या. स्त्रीच्या अस्थी १९९२ साली परत आल्या आणि पुरुषाचा सांगाडा २०१७ साली, शववाहिकेतून, वाटेत ठिकठिकाणी लोकांनी निरोप घेत.

४. ‘कोपी’ हा शब्द सतत ऐकू येतो. ते काय आहे?

मरी आणि डार्लिंग या नद्यांच्या खोऱ्यात शोककाळात, मुख्यतः विधवा, डोक्यावर जिप्समची जाड टोपी धारण करीत. तिला कोपी म्हणतात. जिप्सम भाजले की त्यातील बरेचसे पाणी निघून जाते आणि त्याची भुकटी होते, आणि भुकटीत पुन्हा पाणी मिसळले की तो लगदा काही वेळात दगडासारखा घट्ट होतो. गणेशमूर्तींमुळे आपल्या परिचयाचे झालेले पीओपी याच द्रव्यापासून बनते. डोक्यावरचे केस काढून त्यावर सुतळीसारख्या धाग्याची विणलेली जाळी बसवली जाई आणि तिच्यावर या लगद्याचे थरावर थर दिले जात. काही टोप्या सात किलोपर्यंत जड होत. नात्याप्रमाणे काही आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत ती डोक्यावर असे, आणि शोककाळ संपला की काढून कबरीवर ठेवली जाई. टोपीच्या आतल्या बाजूला जाळीच्या गाठींचा ठसा उमटलेला असतो. संग्रहालयातील कोपी आतून पाहण्याची संधी मिळाली तर तो ठसा अवश्य पाहावा, कारण ते डोके कोणा एका विशिष्ट स्त्रीचे होते हे त्या ठशातून जितके जाणवते तितके कोणत्याही फलकावरील मजकुरातून जाणवत नाही.

ही परंपरा आजच्या कलेत आणण्याचे मोठे श्रेय मारी क्लार्क यांना जाते. त्या मरी नदीच्या काठी वाढल्या. योर्टा योर्टा, वाम्बा वाम्बा, मुट्टी मुट्टी आणि बूनवुरुंग या समाजांशी त्यांचे नाते आहे. मेलबर्न म्युझियमच्या बुंजिलाका दालनात २०१२ साली झालेल्या त्यांच्या ‘रिच्युअल अँड सेरेमनी’ या प्रकल्पात व्हिक्टोरियातील ॲबोरिजिनल स्त्री-पुरुषांनी चेहऱ्यावर पांढऱ्या मातीच्या शोकखुणा रेखून छायाचित्रे काढून घेतली. त्यांच्या कार्यशाळांमध्ये लोक स्वतः कोपी घडवतात आणि घडवता घडवता आपल्या घरातील मृत्यूंविषयी बोलतात. छायाचित्रे नंतर भिंतीवर टांगली जातात हे खरे, पण हातांनी लगदा कालवत असताना होणारे ते बोलणे हाच या कलाकृतीचा गाभा आहे, आणि समीक्षकांनी त्याची पुरेशी दखल घेतलेली नाही. २०२१ साली नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियामध्ये त्यांचे एकल प्रदर्शन भरले. तेथे असा मान मिळालेल्या त्या व्हिक्टोरियातील पहिल्या हयात ॲबोरिजिनल कलावंत होत.

५. विधवेचे केस काढायचे आणि डोक्यावर ओझे द्यायचे, म्हणजे हे आपल्याकडच्या केशवपनासारखेच नव्हे का? त्याचा गौरव कशासाठी?

हा प्रश्न विचारणाऱ्या बहुतेक स्त्रिया असतात आणि त्यामागची अस्वस्थता रास्त आहे. महाराष्ट्रात केशवपनाविरुद्ध लढा द्यावा लागला. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचे केस कापणार नाही म्हणून संप केला. अलीकडे, २०२२ साली, कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव ग्रामसभेत करावा लागला. त्यामुळे आपली पहिली प्रतिक्रिया तशी होणे स्वाभाविक आहे.

दोन्हींतला एक फरक मात्र मोठा आहे. केशवपन विधवेला उरलेल्या आयुष्यभरासाठी समाजाबाहेर काढत असे. कोपीला मुदत होती, आणि ती उतरवून कबरीवर ठेवली की ती स्त्री रोजच्या व्यवहारात परत येई. त्या काळातील स्त्रियांवर सक्ती किती होती, हे एकोणिसाव्या शतकातील गोऱ्या पुरुषांनी लिहिलेल्या नोंदींवरून ठरवू नये, कारण त्यांनी त्या स्त्रियांना क्वचितच काही विचारले. आज कोपी घडवणाऱ्या स्त्रिया आणि पुरुष मात्र ती स्वेच्छेने घडवतात, आणि दुःखाला वजन असते हे इतरांना दिसावे म्हणून घडवतात.

६. हे सादरीकरण ऐतिहासिक स्थळीच का करायचे? सभागृह का चालत नाही?

सभागृहही चालते (पाहा प्रश्न ८). परंतु ॲबोरिजिनल विचारात भूमी आणि माणसाचे नाते इतके घट्ट आहे की मृत्यू जेथे झाला ती जागाच शोकाची पहिली मानकरी ठरते. शिवाय ऑस्ट्रेलियातील ‘ऐतिहासिक स्थळे’ दीर्घकाळ केवळ वसाहतीचा इतिहास सांगत आली, आणि तेथे उभे राहून शोक करणे म्हणजे त्या जागेचे दुसरे चरित्र उघड करणे होय.

सिडनीतील पहिल्या गव्हर्नमेंट हाउसची जागा घ्यावी. १७८८ साली बांधायला घेतलेली ही वास्तू १८४६ च्या सुमारास पाडली गेली, १९८३ साली तिचा पाया उत्खननात सापडला, आणि १९९५ पासून तेथे म्युझियम ऑफ सिडनी आहे. आता १७९१ साली तिथे काय घडले ते पाहू. कॅमरेगल समाजातील बरंगारू ही मच्छीमार स्त्री, इंग्रज आणि स्थानिक लोक यांच्यात मध्यस्थी करणाऱ्या बेनेलाँगची पत्नी, मुलीला जन्म दिल्यानंतर थोड्याच दिवसांत वारली. इंग्रजांच्या जेवणाच्या मेजांकडे आणि कपड्यांकडे ती कायम तिरस्काराने पाहत आली होती. तिच्या चितेवर तिची टोपली आणि मासेमारीचे साहित्य ठेवण्यात आले. बेनेलाँगने वसाहतीचे पहिले गव्हर्नर फिलिप यांना दहनाला बोलावले होते, आणि तिची राख पुढे त्याच गव्हर्नमेंट हाउसच्या बागेत गेली. तान्ही मुलगी डिलबुंगही जगली नाही. तिलाही त्या बागेतच पुरले. ब्रिटिश सत्तेचे या खंडावरील पहिले आसन ही एका आईची आणि तिच्या लेकीची विश्रांतीची जागाही आहे. तेथे उभे राहून एखादी ॲबोरिजिनल कलावंत राख हातात घेते तेव्हा तिला वेगळ्या नेपथ्याची गरज उरत नाही.

संग्रहालयाच्या प्रांगणात फिओना फोली आणि जॅनेट लॉरेन्स यांची ‘एज ऑफ द ट्रीज’ ही रचना आहे. लाकूड, वालुकाश्म आणि लोखंड यांच्या २९ स्तंभांमधून चालत जाताना स्थानिक भाषेतील नावे कुजबुजल्यासारखी ऐकू येतात, आणि काही स्तंभांत केस, हाडे, शिंपले, राख व मध बंदिस्त केलेले दिसतात. ही स्थिर शिल्परचना आहे, पण चालणाऱ्याच्या पावलांनी ती सादरीकरणात बदलते.

७. अशा एखाद्या मोठ्या प्रकल्पाची सविस्तर माहिती द्याल का?

जोनाथन जोन्स यांचा ‘बरंगल ड्यारा’ (कातडी आणि हाडे) हा २०१६ सालचा प्रकल्प या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर आहे. जोन्स हे विराजुरी आणि कामिलारोई समाजाचे. दक्षिण-पूर्व ऑस्ट्रेलियातील आपल्या पूर्वजांनी घडवलेल्या वस्तू संग्रहालयांत शोधताना त्यांना पुन्हा पुन्हा एकच उत्तर मिळत गेले, ते म्हणजे वस्तू जळाल्या. सिडनीच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये १८७९ च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी ‘गार्डन पॅलेस’ नावाचा भव्य घुमटाचा प्रासाद उभारला होता. बांधकाम मुख्यतः लाकडाचे होते. २२ सप्टेंबर १८८२ च्या पहाटे तो आगीत भस्मसात झाला आणि त्यात ठेवलेल्या असंख्य ॲबोरिजिनल वस्तूही नष्ट झाल्या. शहराला या आगीचा जवळजवळ विसर पडला होता.

जोन्स यांनी सुमारे २०,००० चौरस मीटरच्या त्या जागेवर मूळ इमारतीच्या रेषेबरहुकूम १५,००० पांढऱ्या ढाली मांडल्या. दक्षिण-पूर्वेकडील चार प्रकारच्या ढालींचे हे आकार होते, मात्र एकाही ढालीवर नक्षी नव्हती. प्रत्येक ढालीवरची नक्षी ही तिच्या मालकाची, त्याच्या कुळाची ओळख असते, आणि ती तर आगीत गेली होती. लांबून पाहिल्यास ढालींच्या त्या रांगा जळक्या इमारतीचा ढिगारा वाटत किंवा विखुरलेली हाडे वाटत. मधोमध, जेथे घुमट होता तेथे, कांगारू ग्रास हे देशी गवत लावले होते. जाळल्यावर पुन्हा फुटणारे आणि धान्य देणारे हे गवत या भूमीच्या जुन्या शेतीची खूण आहे. आठ समाजांच्या भाषांतील ध्वनिरचना जागोजागी ऐकू येत, आणि प्रकल्प चालला त्या सुमारे अडीच आठवड्यांत रोज तेथे सादरीकरणे, चर्चा आणि कार्यशाळा होत होत्या.

ढाली ज्या द्रव्याच्या केल्या होत्या ते जिप्समच होते, म्हणजे कोपीचे द्रव्य (पाहा प्रश्न ४). वस्तूंसाठी कसला शोक, असे काही वाचक विचारतात. कोणी एक ढाल महिनोन् महिने तासतो, तिच्यावर आपल्या कुळाची रेघ कोरतो, ती त्याच्याकडून घेतली जाते आणि दुसऱ्याच्या वैभवाच्या प्रदर्शनात जळून जाते. त्याच्या खापरपणतवंडांना ती रेघ कशी होती हे पाहण्याचीही सोय उरत नाही, आणि शोक त्या गमावलेल्या सोयीसाठीच आहे.

८. नाट्यगृहातील एखादी शोककृती सांगाल का?

‘द सेव्हन स्टेजेस ऑफ ग्रीव्हिंग’ ही वेस्ली इनॉक आणि डेबोरा मेलमन यांची एकपात्री कृती १९९५ साली ब्रिस्बेनमध्ये कूएम्बा जडारा या संस्थेने रंगमंचावर आणली. रंगमंचावर दोरांनी टांगलेला बर्फाचा मोठा ठोकळा वितळत राहतो आणि त्याचे थेंब खालच्या ताज्या लाल मातीच्या कबरीवर पडतात. दुःखाच्या टप्प्यांच्या जोडीला ॲबोरिजिनल इतिहासाचे सात टप्पे, स्वप्नकाळ (सृष्टीच्या उत्पत्तीचा पुराणकाळ) आणि आक्रमणापासून समेटापर्यंत, तीत गुंफलेले आहेत. घरातील मृत व्यक्तींची छायाचित्रे ज्या सुटकेसमध्ये ठेवली जातात ती सुटकेस रंगमंचावर उघडली जाते. तो प्रसंग पाहिल्यावर प्रश्न ९ मधील प्रथा अधिक नीट समजते. ही कृती आजही वेगवेगळ्या अभिनेत्री सादर करतात.

९. मृताचे नाव घ्यायचे नाही अशी प्रथा असेल, तर स्मारकांवर नावे का कोरतात? तुम्हीही येथे नावे लिहिली आहेत.

ही प्रथा सर्वत्र सारखी नाही. मध्य आणि उत्तर ऑस्ट्रेलियातील अनेक समाजांत मृत्यूनंतर ठराविक काळ, कधी काही वर्षे, त्या व्यक्तीचे नाव उच्चारत नाहीत आणि छायाचित्र दाखवत नाहीत. त्याच नावाच्या हयात व्यक्तीलाही तेवढा काळ ‘कुमांजाई’ यांसारख्या पर्यायी नावाने हाक मारतात. म्हणूनच दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांच्या, प्रदर्शनांच्या आणि या मजकुराच्याही आरंभी सूचना देण्याची पद्धत आहे. दक्षिण-पूर्वेकडील अनेक कुटुंबे मात्र ज्यांची नावे सरकारी दप्तरांतून पुसली गेली त्यांची नावे मुद्दाम मोठ्याने घेतात. वर आलेली ऐतिहासिक नावे त्यांचे आजचे वारस आणि समाज स्वतः जाहीरपणे घेतात. अलीकडे दिवंगत झालेल्या व्यक्तीविषयी लिहायचे असल्यास कुटुंबाची इच्छा विचारावी, आणि विचारता येत नसल्यास नाव टाळावे.

१०. २६ जानेवारी हा आमचा प्रजासत्ताक दिन. त्याच दिवशी येथे शोक पाळतात असे ऐकले. आम्ही काय करावे?

या तारखेला १७८८ साली ब्रिटिश ताफ्याने सिडनी कोव्ह येथे झेंडा रोवला. १९३८ साली, दीडशेव्या वर्षी, सरकारने त्या आगमनाचे नाट्यरूपांतर केले. सिडनीतील ॲबोरिजिनल मंडळींनी त्यात भाग घेण्यास नकार दिला, तेव्हा दूरच्या मेनिंडी येथून पुरुषांना आणून पळून जाण्याची भूमिका करायला लावली. त्याच दिवशी एलिझाबेथ स्ट्रीटवरील ऑस्ट्रेलियन हॉलमध्ये विल्यम कूपर, विल्यम फर्ग्युसन आणि जॅक पॅटन यांच्या पुढाकाराने सुमारे शंभर जण शोकाचा काळा पोशाख करून जमले आणि त्यांनी ‘शोकदिन’ पाळला. एका टोकाला सरकारचे सक्तीचे नाटक आणि दुसऱ्या टोकाला शोकाची स्वतः निवडलेली सभा, हा दिवस माझ्या दृष्टीने आजच्या शोककलेचा आरंभबिंदू आहे. १९७० साली कॅप्टन कुकच्या आगमनाच्या द्विशताब्दीला सिडनीतील ला पेरूझ येथे आंदोलकांनी समुद्रात पुष्पचक्रे सोडली, ती याच परंपरेतली.

२०१९ पासून सिडनी फेस्टिव्हलमध्ये २५ जानेवारीच्या रात्री बरंगारू रिझर्व्ह (प्रश्न ६ मधील बरंगारूच्या नावाचे किनाऱ्यावरील उद्यान) येथे ‘द व्हिजिल’ हा कार्यक्रम आयोजित होऊ लागला. अग्नी पेटवून, गाणी आणि मौन यांच्या सोबतीने लोक दुसऱ्या दिवसाला सामोरे जाण्याची तयारी करतात. तेथे जाऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या ध्वजवंदनाला उपस्थित राहण्यात कोणताही विरोध नाही. आपला प्रजासत्ताक दिन वसाहतीच्या सत्तेतून बाहेर पडल्याचा आहे, हे ॲबोरिजिनल मित्रांना सांगितल्यास त्यांना ते लगेच पटते. आपल्या कार्यक्रमात मात्र ‘ऑस्ट्रेलिया डे’चा जल्लोष मिसळू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

११. मेलबर्नमध्ये फाशी दिलेल्या दोघांचे स्मारक आहे. ते तर खून केल्याबद्दल दोषी ठरले होते. मग शोक कशाचा?

टनरमिनरवेट आणि मॉलबॉयहीनर हे टास्मानियाचे. आपला प्रदेश उद्ध्वस्त झाल्यावर त्यांना मेलबर्नला आणण्यात आले. तेथे त्यांनी तीन स्त्रियांसह वसाहतवाल्यांविरुद्ध छापे घातले, त्यांत दोन देवमाशांचे शिकारी मारले गेले. खटल्यात त्यांना स्वतःची साक्ष देण्याचा अधिकार नव्हता, कारण ते ख्रिस्ती शपथ घेऊ शकत नव्हते. ज्यूरीने दयेची शिफारस केली होती. तरीही २० जानेवारी १८४२ रोजी हजारोंच्या गर्दीसमोर त्यांना फाशी दिले गेले, आणि मेलबर्नमधली ही पहिली जाहीर फाशी होती. मृत्यू पावलेल्या शिकाऱ्यांचे दुःख नाकारण्याचा येथे प्रश्नच नाही. ज्या कायद्याने फाशी दिलेल्या या दोघांना तोलले त्या कायद्यासमोर त्यांना बोलू दिले नव्हते, आणि शोक या गोष्टीचाही आहे.

ब्रूक अँड्र्यू आणि ट्रेंट वॉल्टर यांनी केलेले हे स्मारक २०१६ साली जुन्या तुरुंगाजवळ उभे राहिले. फाशीच्या चौकटीची आठवण करून देणारा मुलांचा झोपाळा आणि वर्तमानपत्रांचे रंगीत स्टँड हे त्याचे भाग आहेत. दर वर्षी २० जानेवारीला तेथे स्मरणसभा भरते.

१२. कॅनबेरातील पोकळ ओंडक्यांमध्ये खरोखर अस्थी आहेत का?

नाहीत. उत्तर ऑस्ट्रेलियातील मध्य आर्नहेम लँडमध्ये मृत्यूनंतर काही काळाने अस्थी स्वच्छ करून, गेरूने रंगवून, वाळवीने पोखरलेल्या झाडाच्या ओंडक्यात ठेवतात, ओंडक्यावर कुळाची चित्रे काढतात, आणि नृत्य-गायनानंतर तो ऊन-पावसात उभा ठेवून देतात. जॉन मंडाइन यांच्या कल्पनेतून रामिंगिनिंग परिसरातील ४३ कलावंतांनी १९८७-८८ मध्ये असे २०० ओंडके रंगवले, वसाहतीच्या प्रत्येक वर्षासाठी एक. ज्यांना अंत्यसंस्कार लाभला नाही अशा सर्वांसाठी ते आहेत. आधी ते सिडनीच्या वॉल्श बे येथील जुन्या धक्क्यावर, द्वैवार्षिक प्रदर्शनात उभे राहिले. जहाजांतून माल उतरवण्यासाठी बांधलेल्या धक्क्यावर ते जंगल उभे राहणे हीच एक कृती होती. आज ते नॅशनल गॅलरीत आहेत, आणि त्यांच्यामधून जाणारी वाट ग्लाइड नदीच्या खाडीच्या आकाराची आहे. येथे कलावंत आणि विधी करणारे एकच असल्यामुळे प्रश्न १ मधील रेषा लागू पडत नाही. ओंडक्यांना हात लावू नये आणि मुलांना त्यांच्यामध्ये पळू देऊ नये.

१३. सादरीकरण पाहताना कसे वागावे? फोटो काढले तर चालतात का?

आधी विचारावे. आयोजकांनी परवानगी दिली असली तरी रडणाऱ्या व्यक्तीकडे मोबाइल रोखू नये. धुराच्या विधीत निलगिरीसारख्या स्थानिक झाडांचा ओला पाला जाळतात आणि लोकांना धुरातून चालत जाण्यास सांगतात. बोलावल्यास जरूर जावे, आणि दमा असल्यास बाजूला थांबावे, त्यात अनादर नाही. कलावंत बराच वेळ गप्प राहिला तर शेजाऱ्याशी बोलू नये. आपल्याला काय वाटले हे लगेच सांगण्याची घाई नसावी, आणि ‘आमच्याकडेही असेच असते’ हे वाक्य तर त्या दिवशी टाळावेच.

१४. ऐनवेळी कार्यक्रम रद्द झाला आणि कारण ‘सॉरी बिझनेस’ एवढेच सांगितले. आणि आमच्या घरी सुतक असेल तर आम्ही जावे का?

समाजात मृत्यू झाला की त्या काळातील सर्व कर्तव्यांना हे नाव आहे. नातेवाईक दूरवरून येतात, कामे थांबतात, काही ठिकाणी वस्तीच पाहुण्यांसाठी बंद होते, आणि कलावंत त्या नात्यातला असेल तर त्याला जावेच लागते. चौकशी करत राहू नये. दुसऱ्या भागाचे उत्तर असे की, जाहीर कार्यक्रमात तुमच्या सुतकाची त्यांच्याकडून आडकाठी नसते, घरच्या रीतीप्रमाणे तुम्हीच ठरवावे.

१५. आमच्या मंडळाला गणेशोत्सवात या विषयावर देखावा करायचा आहे. मुलांच्या चेहऱ्याला पांढरी माती लावली तर चालेल का?

चालणार नाही. त्या खुणा शोक करणाऱ्याच्या आहेत, आणि वेशभूषा म्हणून त्या वापरल्यास हेतू कितीही चांगला असला तरी दुखावणारे ठरते. १९३८ साली घडलेले नाटक (प्रश्न १०) अशाच प्रकारचे होते, म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाची भूमिका तिसऱ्याने ठरवलेली. मंडळाला करता येण्यासारख्या गोष्टी बऱ्याच आहेत. कार्यक्रमाच्या आरंभी त्या भूमीच्या पारंपरिक मालकांचा आदरपूर्वक उल्लेख कोणीही करू शकतो. भूमीवर अधिकृत स्वागत मात्र त्या समाजाची व्यक्तीच करू शकते, आणि तिला योग्य मानधन द्यावे. ॲबोरिजिनल कलावंताला बोलावून, पैसे देऊन, त्याला जे सांगायचे आहे ते सांगू द्यावे.

१६. आई-बाबा थोड्याच दिवसांसाठी आले आहेत आणि सध्या कोणताही कार्यक्रम नाही. काय दाखवावे?

सिडनीत म्युझियम ऑफ सिडनीचे प्रांगण, तेथून चालत बोटॅनिक गार्डनमधील गार्डन पॅलेसची जागा, आणि संध्याकाळी बरंगारू रिझर्व्ह, एवढे एका दिवसात आरामात होते. वयस्करांसाठी बागेतला चढ थोडा जास्त आहे, म्हणून ती सकाळी करावी. मेलबर्नमध्ये जुन्या तुरुंगाजवळील स्मारक पाहून किंग्ज डोमेन बागेतील ग्रॅनाइटच्या शिळेपाशी जावे. संग्रहालयाकडे असलेले ३८ ॲबोरिजिनल व्यक्तींचे अवशेष १९८५ साली तेथे पुन्हा पुरण्यात आले. शिळा साधी आहे आणि घाईत सहज नजरेतून सुटते, म्हणून बागेत शिरण्यापूर्वी नकाशावर तिची जागा पाहून ठेवावी. बुंजिलाका दालन पाहायचे असल्यास त्यासाठी वेगळा अर्धा दिवस राखावा.